दारातले मास्तर

नऊ वर्षांपूर्वी, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या शुक्रवारी, चर्चच्या मागच्या सभागृहात वीसेक माणसांसमोर मला एक प्रश्न विचारण्यात आला आणि मी त्याला एका वाक्यात उत्तर दिले. त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरीही ते मी फसवण्यासाठीच उच्चारले होते, आणि ऐकणारे सगळे फसले. पुढे कित्येक वर्षे हे मी कोणालाही सांगितले नाही. पत्नीला नाही, पापनिवेदनाच्या वेळी फादरांनाही नाही. ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांच्याविषयी लिहायला आज बसलो आहे. परंतु स्वतःविषयी आधी एवढे सांगितल्याखेरीज त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवले नव्हते. तिशीत ते वसईहून बहारीनला आले आणि पस्तीसहून अधिक वर्षे हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या पोहण्याच्या तलावांची निगा राखत राहिले. पाणी त्यांच्या अंगात मुरले होते. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पाणी तपासण्याच्या कागदी पट्ट्या असत. कोणाच्याही घरी गेले की समोर आलेला पेला ते आधी नाकाशी नेत, मग उजेडाकडे धरत आणि घरातल्या बाईला अगदी मायेने सांगत, ‘टाकी धुवायला आलीय, बाय.’ माझ्या पत्नीने तिसऱ्या भेटीपासून त्यांना बाटलीचे पाणी द्यायला सुरुवात केली. बाटलीवरचे बारीक अक्षर वाचून ते म्हणाले, ‘हे तर टाकीपेक्षाही जुनं आहे.’

मास्तर ही पदवी त्यांना शुक्रवारच्या वर्गाने दिली. मोठ्या वयात बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांची तयारी करून घेण्याचे काम चर्चने त्यांच्याकडे सोपवले होते. इतरत्र हे काम एखादी पुस्तिका वाचून काही महिन्यांत उरकत असेल. मास्तरांच्या हाती मात्र एकदा एक जाड इंग्रजी पुस्तक लागले होते. बदली होऊन जाणाऱ्या कोणा फादरांनी ते रद्दीच्या खोक्यात टाकलेले होते, आणि पहिल्या तीनचार शतकांतली ख्रिस्तसभा दीक्षार्थींना कशी घडवत असे याचे त्यात वर्णन होते. मास्तरांनी ते शब्दकोश घेऊन दोन वर्षे वाचले आणि मग त्यांचा जणू त्या शतकांतच मुक्काम पडला. ‘त्या काळी’ असे म्हणून ते बोलायला लागत तेव्हा ऐकणाऱ्याला वाटे, हे आपल्या गावातल्या मागच्या आळीविषयी बोलत आहेत.

त्या काळी बाप्तिस्म्याआधी तीन वर्षे ऐकणाऱ्यांत बसावे लागे. मास्तरांनी ती मुदत एका वर्षावर आणली होती. कारण विचारले तर सांगत, ‘व्हिसा दोन वर्षांचा असतो. त्या काळी व्हिसा नव्हता.’ त्या काळी विश्वासांगीकाराची वाक्ये लिहून देत नसत. गुरूने तोंडाने सांगायची आणि शिष्याने हृदयात ठेवायची. म्हणून वर्गात शिरताना सगळ्यांचे मोबाइल एका मोठ्या प्रेशर कुकरमध्ये जमा होत आणि झाकण मास्तर स्वतः लावत. वाक्य सांगताना कोणाचा फोन कुकरमध्ये वाजला तर ते क्षणभर थांबत, म्हणत, ‘शिजू दे,’ आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करत.

त्या काळी दीक्षार्थी पश्चिमेकडे तोंड करून, हात पुढे करून सैतानाचा धिक्कार करत आणि मग पूर्वेकडे वळून ख्रिस्ताला होकार देत. मास्तरांनी होकायंत्र आणून सभागृहाची पश्चिम ठरवली. नेमक्या त्या बाजूला कँटीनचे टेबल होते. दर वर्षी दहापंधरा माणसे वाफाळत्या समोशांकडे हात करून गंभीरपणे म्हणत, ‘मी तुझा धिक्कार करतो, तुझ्या कामांचा आणि तुझ्या भपक्याचा.’ कँटीन सांभाळणाऱ्या मावशींनी दोन वर्षे सोसले आणि तिसऱ्या वर्षी विचारले, ‘मास्तर, माझ्या समोशांनी तुमचं काय वाकडं केलंय?’ मास्तरांनी त्यांना होकायंत्र दाखवले. मावशींनी टेबल हलवले नाही आणि मास्तरांनी पश्चिम हलवली नाही.

पाण्याच्या बाबतीत तर ते कोणाचेच ऐकत नसत. त्या काळी बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात होत असे, म्हणून त्यांनी चर्चमागच्या अंगणात फायबरची एक टाकी बसवली, तलावाचा एक जुना पंप दुरुस्त करून जोडला आणि आत आलेले पाणी पाइपाने बाहेर खजुराच्या झाडाला जाईल अशी सोय केली. आमचे फादर केरळचे. पाण्यात उभे राहायचे आणि शेजारी विजेचा पंप, ही कल्पनाच त्यांना मानवेना. पहिल्या वर्षी टाकीच्या कडेशी येऊन ते अडून बसले. ‘मास्तर, पहले प्लग निकालो.’ मास्तरांनी नाइलाजाने प्लग काढला, पाइपाच्या तोंडाकडे बोट केले आणि म्हणाले, ‘फादर, पाइप में अभी बह रहा है. जल्दी कीजिए.’ एकदा फादरांनी काळजीने विचारले होते की हे सगळे बिशपांच्या कानावर गेले तर काय. मास्तर म्हणाले, ‘फादर, ये बिशपों ने ही तो शुरू किया था.’

इथे सुट्टी शुक्रवारची, ईस्टरचा रविवार कामाचा दिवस. म्हणून मास्तरांच्या वर्गाचे बाप्तिस्मे पहाटे होत. त्या काळीही कोंबडा आरवताना होत असत, याचा मास्तरांना विशेष आनंद होता. पाण्यातून निघालेल्याला मध घातलेले दूध मिळे. आठ दिवस पांढरे वस्त्र घालायचे असे. पण गणवेशातली माणसे ते कसे घालणार, म्हणून मास्तरांनी गणवेशाच्या आत घालायला परवानगी दिली होती. ईस्टरनंतरच्या आठवड्यात मनामाच्या एखाद्या दुकानात कोणी ओळखीचा विक्रेता कॉलरचे बटण काढून आतला पांढरा काठ हळूच दाखवी आणि मास्तर मान डोलावत.

या सगळ्याला आम्ही हसत असू. एका गोष्टीला मात्र कोणी हसत नसे, आणि ती म्हणजे साक्षीदाराची खुर्ची.

त्या काळी बाप्तिस्म्यासाठी निवड करताना दीक्षार्थीला नव्हे, त्याला आणणाऱ्याला प्रश्न विचारत. प्रत्येक दीक्षार्थीचा एक साक्षीदार असे आणि त्याने वर्षभर त्याच्यासोबत राहून त्याचे वागणे पाहायचे असे. मास्तरांनी ही रीत जशीच्या तशी उचलली. उपवासकाळाच्या पहिल्या शुक्रवारी वर्गाच्या मधोमध एक खुर्ची मांडली जाई. साक्षीदार तिच्यावर बसे, दीक्षार्थी त्याच्या शेजारी उभा राही. मास्तर तीन प्रश्न विचारत: हा आजाऱ्यांना भेटायला गेला का, एकट्या माणसाची विचारपूस केली का, दिलेला शब्द पाळला का. उत्तर डोळ्यांनी पाहिलेल्याचेच द्यायचे. ऐकलेले चालत नसे, दुसरा साक्षीदारही चालत नसे. आणि दीक्षार्थीने तोंड उघडायचे नाही. ‘आपल्या चांगुलपणाची साक्ष आपण द्यायची नसते,’ मास्तर म्हणत. ‘ती दुसऱ्याच्या तोंडून आली तरच खरी.’

विलासचा साक्षीदार मी होतो.

विलास तेव्हा तिशीचा होता. झल्लाकच्या एका समुद्रकाठच्या हॉटेलच्या लाँड्रीत तो काम करत असे. आई वसईची ख्रिस्ती, वडील पालघरकडचे हिंदू. मुलाने मोठेपणी स्वतः ठरवावे असे दोघांनी ठरवले होते. वडील गेले, आई मूत्रपिंडाच्या दुखण्याने थकत चालली आणि विलासने ठरवले. आईने त्याला कधी आग्रह केला नव्हता. पण त्याने फोनवर आपला निर्णय सांगितला त्या दिवसापासून ती बाप्तिस्म्याचा पांढरा सदरा हाताने शिवायला बसली. डायलिसिसच्या दिवशी शिवणकाम होत नसे, म्हणून ते हळूहळू चालले होते. ईस्टरला फोनच्या पडद्यावर मुलाला त्या सदऱ्यात पाहायचे, एवढीच तिची इच्छा होती. हे सगळे विलासने मला पहिल्याच भेटीत सांगितले. मास्तरांना त्याने आईच्या आजाराचे सांगितले नाही. त्याला सवलत मागितल्यासारखे वाटले असते.

साक्षीदार म्हणून माझे काम सोपे होते. एकाआड एक शुक्रवारी दुपारी भेटीच्या वेळेत सलमानियाच्या रुग्णालयात जायचे, इथे कोणी नातेवाईक नसलेल्या एखाद्या कामगाराजवळ तासभर बसायचे आणि पाच वाजता दोघांनी मिळून वर्गाला यायचे. विलास सकाळची पाळी करून दोन बस बदलून येई. मी जुफैरला राहतो, माझ्याकडे गाडी आहे, दहा मिनिटांचा रस्ता.

पहिल्या शुक्रवारी मी निघालो. रुग्णालयाभोवती दोन फेऱ्या मारल्या, गाडी लावायला जागा मिळाली नाही. मी त्याला फोन केला, ‘विलास, तू वर जा. मी गाडी लावून येतो.’ तिसरी फेरी मी मारली नाही, घरी परतलो. पाच वाजता वर्गात तो भेटला तेव्हा मी काही बोलण्याआधीच म्हणाला, ‘आज पार्किंगला फार गर्दी होती, अंकल.’ पुढच्या खेपेला मी गाडी बाहेरच काढली नाही. जेवून पडलो होतो, समोर क्रिकेट चालले होते, आणि त्याचा फोन आला तेव्हा पहिल्या वेळच्याच आवाजात मी तेच वाक्य म्हणालो. तिसऱ्या खेपेपासून त्याने फोन करणे सोडून दिले. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत असे चालले. आपण काही वाईट करत आहोत असे मला वाटत नव्हते, हे मला आज सर्वांत वाईट वाटते. मला वाटत होते की मी थकलेला माणूस आहे आणि पुढच्या वेळी नक्की जाईन.

मग तो शुक्रवार आला. मी खुर्चीवर बसलो. दोनच आठवड्यांपूर्वी मराठी कुटुंबांच्या समितीच्या वतीने मी याच सभागृहात साक्षीदारांच्या जबाबदारीवर दहा मिनिटे बोललो होतो. माझी पत्नी तेव्हाही पहिल्या रांगेत होती आणि आताही होती. मास्तरांनी चष्मा पुसला आणि विचारले, ‘विलास आजाऱ्यांना भेटायला जात होता का?’

हो म्हणालो असतो तर त्यांनी पुढे विचारले असते: खाट खिडकीकडची की भिंतीकडची, माणूस कुठला, काय बोलायचा. नाही म्हणण्याला आधार नव्हता. मी गेलो नाही, असे म्हणायला पाच शब्दही लागले नसते. मी म्हणालो, ‘मी त्याला तिथे पाहिलं नाही.’

विलासने माझ्याकडे पाहिले आणि मग जमिनीकडे. बोलण्याची त्याला परवानगी नव्हती. मास्तरांनी उरलेले दोन प्रश्न विचारलेच नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरोखरीचे दुःख होते. ते एवढेच म्हणाले, ‘मग पुढच्या वर्षी.’

वर्ग सुटल्यावर मी त्याला बसथांब्यापर्यंत सोडले. तेवढे माझ्याने झाले. उतरताना तो म्हणाला, ‘तुम्ही खोटं नाही बोललात, अंकल. तुम्ही पाहिलं नव्हतंच.’ त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता; मी तो पुष्कळ शोधला आहे. मग दार लावता लावता त्याने जोडले, ‘आईला सांगतो, घाई करू नकोस, सदऱ्याला वर्ष मिळालं.’

त्याच वर्षी सप्टेंबरात ती गेली.

विलास तातडीच्या रजेवर जाऊन आला. आईच्या पेटीत सदरा मिळाला होता. एका बाहीची शिवण अर्धी होती. आईच्या आजाराचे आणि सदऱ्याचे मास्तरांना तेव्हा पहिल्यांदा कळले. पुढच्या शुक्रवारी आम्ही वर्गात आलो तेव्हा मास्तरांनी साक्षीदाराची खुर्ची उचलली, भिंतीशी नेऊन तिचे तोंड भिंतीकडे केले आणि म्हणाले की यापुढे साक्षीदाराला प्रश्न विचारले जाणार नाहीत. कोणीतरी कारण विचारले. ते म्हणाले, ‘त्या काळी विचारणारे संत होते. मी तलाव साफ करणारा आहे.’

नंतर त्यांनी मला बाजूला घेतले. मला वाटले, यांना कळले. पण ते माझे सांत्वन करत होते. ‘तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही पाहिलं ते सांगितलंत. चुकलो मी. त्या पोराला जवळ बोलावून एकदा विचारायला हवं होतं, पण मी नियम धरून बसलो.’ मी तेव्हा मान खाली घातली. ती विनयाने घातली असे त्यांना वाटले असावे.

पुढच्या ईस्टरला विलासचा बाप्तिस्मा झाला. अर्ध्या शिवणीच्या बाहीचा सदरा घालून तो पाण्यातून निघाला, आणि तो सदरा त्याने आठ दिवस लाँड्रीच्या गणवेशाच्या आत घातला, दिवसभर हॉटेलच्या पांढऱ्या चादरींच्या ढिगाऱ्यात. ती बाही मास्तरांनी त्याला पुरी करू दिली नाही, की त्यानेच केली नाही, हे मला माहीत नाही. मी विचारले नाही.

परंतु मास्तरांची शिक्षा त्याआधीच सुरू झाली होती. त्या काळी ज्यांच्या हातून गंभीर पाप घडे ते उपवासकाळात चर्चच्या आत जात नसत. दाराशी उभे राहत आणि आत जाणाऱ्यांना आपल्यासाठी प्रार्थना करायला विनवत. उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मुख्य दाराच्या डाव्या खांबाशी उभे राहिले. जो आत जाई त्याला हळू आवाजात म्हणत, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा.’ फादरांनी आत येण्यासाठी हात धरून ओढले. ‘आप ने किया क्या है?’ मास्तर म्हणाले, ‘वो मुझे मालूम है, फादर.’ ईस्टरच्या तीन दिवस आधी, पुण्यगुरुवारी, त्या काळच्या रीतीप्रमाणे, ते आत गेले. पुढच्या वर्षी पुन्हा दाराशी आले. मग दर वर्षी.

लोकांना सवय झाली. मास्तर वॉचमन झाले, असे कोणी म्हणाले. चपला सांभाळायला बरे, असेही कोणी म्हणाले. साथीच्या वर्षी चर्च बंद होते तेव्हा ते बंद फाटकाबाहेर उभे राहिले. गस्तीवरच्या पोलिसाने गाडी थांबवून, चर्च बंद आहे, चला घरी, अशी हाताने खूण केली, ‘मफी चर्च. खलास. यल्ला, घर.’ मास्तरांनी त्यालाही, दोन हात जोडून, आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. त्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, छातीवर हात ठेवला आणि गेला.

मी दर शुक्रवारी त्यांच्या समोरून आत जात होतो. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा,’ ते मला म्हणत, आणि मी मान हलवत असे. माझी मुलगी मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. ती आठवीत असताना एकदा तिने पायरीवर विचारले, ‘डॅड, व्हाय डझ ही स्टँड देअर?’ मी म्हणालो, ‘त्यांची पद्धत आहे.’ हे उत्तरही खोटे नव्हते. या कलेत मी तोवर तरबेज झालो होतो.

गेल्या हिवाळ्यात पित्ताशयाच्या दुखण्यासाठी मला सलमानियाला दाखल व्हावे लागले. वॉर्डातला लिपिक रत्नागिरीकडचा मुसलमान गृहस्थ, साठीला आलेला, बोलका. मराठी माणूस दिसला म्हणून दुपारी फाइल हातात घेऊन माझ्या खाटेशी बसला. कुठले, काय, असे होता होता मी चर्चला जातो हे त्याला कळले आणि त्याचा चेहरा खुलला. तुमच्यातला एक विलास म्हणून इथे यायचा, तो सांगू लागला, झल्लाकच्या हॉटेलातला. समोरच्या खाटेवर आंध्रातला एक गवंडी होता, पाठीवर पडलेला, भाषा कोणाला कळेना. हा त्याची दाढी करायचा, नखे कापायचा, मग नुसता बसायचा. ठरलेला एक शुक्रवार चुकला नाही.

‘आणि गंमत सांगू? त्याच्याबरोबर कोणीतरी मोठा माणूस यायचा होता. सिस्टरने विचारलं की हा म्हणायचा, माझे साक्षीदार खाली गाडी लावतायत, येतीलच वर. एक दिवस नाही हो, सहा महिने. आम्ही आपसात म्हणायचो, कसली ती गाडी.’ तो स्वतःशीच हसला आणि उठता उठता म्हणाला, ‘तुमच्याच चर्चचे ना ते? मग लागली का शेवटी गाडी?’

मी म्हणालो, ‘नाही लागली अजून.’

त्याला तो विनोद वाटला. मी समोरच्या खाटेकडे पाहत राहिलो. खाट भिंतीकडची होती. मास्तरांनी विचारले असते त्याचे उत्तर मला नऊ वर्षांनी मिळाले होते.

यंदाचा उपवासकाळ हा मास्तरांचा इथला शेवटचा होता. व्हिसा संपत होता आणि ईस्टरनंतर ते कायमचे वसईला जाणार होते. पहिल्या शुक्रवारी सकाळी ते खांबाशी उभे होते. आता हाताला खांबाचा आधार लागत होता. माझी पत्नी आणि मुलगी पुढे गेल्या. मला पाहून ते नेहमीप्रमाणे म्हणाले, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा,’ आणि मी आत गेलो नाही. शेजारी उभा राहून, लोक जात असताना, मी त्यांना सगळे सांगितले: दोन फेऱ्या, क्रिकेट, ते एक वाक्य. त्यांनी माझ्याकडे न पाहता ऐकले. मधून मधून आत जाणाऱ्यांना ते आपले वाक्य म्हणतच होते. माझे संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगताय ना?’

‘हो, मास्तर.’

मला वाटले होते की आता ते आत जातील. त्यांची शिक्षा संपली होती. खरे तर ती त्यांची कधीच नव्हती. पण ते खांबापासून थोडे सरकले, दोघांना पुरेल एवढी जागा झाली, आणि मिस्सा संपेपर्यंत आम्ही तिथे उभे राहिलो. आतून गायन ऐकू येत होते. मुलीने दोनदा मागे वळून पाहिले. शेवटी मास्तर म्हणाले, ‘मला सांगून भागणार नाही. जिथे सांगितलं होतं, तिथेच सांगा.’

संध्याकाळी पाचला मी सभागृहात गेलो. सोबत पत्नी आणि मुलगी होत्या. दुपारी जेवताना मी दोघींना सांगितले होते, आणि जेवण तसेच राहिले होते. वर्गात नवे बाराचौदा चेहरे होते. मोबाइल कुकरमध्ये गेले. विलास दर वर्षीसारखा मदतीला आला होता. चाळिशीला टेकलेला, कानांजवळ पांढरा झालेला, टाकीच्या पाइपाचे वेटोळे खांद्यावर घेऊन तो मागच्या दाराने आत येत होता. मास्तर भिंतीकडे गेले. साडेआठ वर्षे भिंतीकडे तोंड करून असलेली खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, वाटेत एकदा टेकवून दम घेतला, आणि मधोमध आणून ठेवली. मी बसलो. त्यांनी विलासला माझ्या शेजारी उभे राहायला सांगितले.

विलासला बहुधा लगेच कळले. पाइप खाली ठेवत तो म्हणाला, ‘मास्तर, जुनी गोष्ट आहे. कशाला आता?’

‘तू गप्प,’ मास्तर म्हणाले. ‘तुला बोलायची परवानगी नाही. तो नियम अजून आहे.’

मग त्यांनी चष्मा पुसला आणि नऊ वर्षांपूर्वी ज्या आवाजात विचारले होते त्याच आवाजात विचारले, ‘विलास आजाऱ्यांना भेटायला जात होता का?’

माझा आवाज मुळात बारीक आहे. मागच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून मी उभा राहिलो.

‘जात होता. ठरलेला एकही शुक्रवार चुकला नाही. मी त्याला पाहिलं नाही, कारण मी गेलोच नव्हतो. गाडी लावून येतो असं सांगून मी घरी झोपत होतो, आणि तेच लपवायला मी इथे तसं बोललो. विलास, तुझ्या आईला तुला त्या सदऱ्यात बघता आलं नाही, ते माझ्यामुळे. मास्तर, तुम्ही इतकी वर्षं दारात माझ्या जागेवर उभे राहिलात आणि मी तुमच्या समोरून आत जात राहिलो. मला क्षमा करा. दोघांचीही क्षमा मागतो.’